पदवीनंतरचं शिक्षण : विशेष मुलांसोबत काम करणाऱ्यांना खरी मदत कशाने होते?

विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ, बालवाडीतल्या ताई. विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या वाट्याला यांतली तीन-चार माणसं तरी येतातच. सगळी शिकलेली असतात. ऑटिझमची लक्षणं, सेरेब्रल पाल्सीचे प्रकार, बौद्धिक अक्षमतेच्या पातळ्या त्यांना तोंडपाठ असतात. तरीही कामाच्या पहिल्या काही महिन्यांत प्रत्येकावर ती वेळ येते. मूल टेबलाखाली जाऊन बसलेलं असतं, हाक मारली की कानांवर हात ठेवतं, आई दारात उभी राहून बघत असते, आणि शिकलेल्यातलं नेमकं काय वापरायचं ते सुचत नाही.

अशा वेळी त्या माणसाला काय हवं असतं आणि ते कुठून मिळू शकतं, याबद्दल हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. एकदाच होणाऱ्या कार्यशाळा आणि त्यांची प्रमाणपत्रं यांवर या क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त भर दिला जातो. आपण काम करत असताना ते बघणारं आणि नंतर शांतपणे त्यावर बोलणारं कुणीतरी मिळणं ही खरी गरज आहे, आणि तीच सगळ्यात कमी भागते.

आधी व्याप्ती. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादा), डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या फरकामुळे येणारी अवस्था), एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं आणि अतिचंचलता) अशा, लहानपणीच सुरू होऊन चालणं, बोलणं, शिकणं, इतरांशी नातं जोडणं यांवर परिणाम करणाऱ्या अवस्थांना मिळून विकासात्मक दिव्यांगत्व म्हणतात. २०१६ सालच्या आकडेवारीवरून झालेल्या एका जागतिक अभ्यासाने पाच वर्षांखालच्या अशा मुलांची संख्या सुमारे ५ कोटी २९ लाख असल्याचा अंदाज मांडला. त्या मोजणीत अपस्मार, श्रवणदोष आणि दृष्टिदोषही धरले होते. यांतली सुमारे ९५ टक्के मुलं कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होती. तज्ज्ञांची वाटणी मात्र बरोबर उलटी आहे. म्हणजे मोजक्या तज्ज्ञांना आणखी तज्ज्ञ करून भागणार नाही. मुलाच्या रोजच्या सहवासात असलेल्या माणसांच्या हाती कौशल्य पोचवावं लागेल.

माहिती वेगळी, हातोटी वेगळी

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवण्याचं उदाहरण घेऊ. बऱ्याच ठिकाणी मूल मांडीवर अर्धवट आडवं असतं, भरवणारा वरून चमचा आणतो, चमचा बघायला मूल मान वर करतं. मान मागे गेली की श्वासनलिकेचं संरक्षण कमी होतं आणि घास चुकीच्या वाटेने जाऊ शकतो. मूल खोकतं, गुदमरतं, कधी वरचेवर छातीचा संसर्ग होतो, वजन वाढत नाही. उपाय साधा वाटतो. मुलाला आधार देऊन ताठ बसवायचं, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली ठेवायची, भरवणाऱ्याने त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर समोर बसायचं, चमचा समोरून, थोडा खालून आणायचा, आणि आधीचा घास गिळून झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही.

स्लाइडवर हे पाच ओळींत मावतं आणि ऐकणारे सगळे माना डोलावतात. चांगला प्रशिक्षक इथे थांबतो आणि सांगतो, आता मान पूर्ण मागे टाका आणि आवंढा गिळून बघा. वाचणाऱ्यांनीही आत्ता करून पाहावं. किती अवघड जातं ते त्या एका आवंढ्यात कळतं. मग तो प्रशिक्षणार्थींना जोड्यांनी बसवून एकमेकांना भरवायला लावतो, एकदा वरून, एकदा समोरून, एकदा घाईघाईत. भरवून घेताना आपल्या तोंडात काय जातंय, कधी जातंय, यावर आपला काहीच ताबा नसतो हे अंगावर येतं. त्यानंतर मुलाला भरवताना हात आपोआप सावकाश होतो. आणि ज्या मुलाला गिळायला सतत त्रास होतो त्याला गिळण्याच्या तज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, हेही त्याच सत्रात शिकवलेलं असतं.

हे अनुभवातून शिकवणं काही नवीन नाही. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीवर एक प्रशिक्षण पुस्तिका काढली. दक्षिण आफ्रिकेतल्या 'हाम्बिसेला' या कार्यक्रमाचा तिला आधार होता आणि बांगलादेशात ती पालकगटांसोबत घडत गेली. मुलाला कसं उचलायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं, रोजच्या कामांतून कसं शिकवायचं, हे पालकगटांत करून बघता येईल असं त्यात मांडलं आहे. नव्या कार्यकर्त्याच्या हाती पहिल्यांदा काही द्यायचं झालं, तर जाडजूड पाठ्यपुस्तकाच्या आधी मी अशी पुस्तिका देईन.

शेजारी बसून शिकवणारं माणूस

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पाठपुरावा केला. व्याख्यानाने माहिती मिळते, प्रात्यक्षिकाने आणि सरावाने हात बसतो, पण शिकलेलं स्वतःच्या वर्गात टिकून राहायला वर्गात येऊन मदत करणारं माणूस लागतं, असं त्यांच्या मांडणीचं सार आहे. त्यांनी याला 'कोचिंग' म्हटलं. परीक्षेच्या क्लासशी या कोचिंगचा काही संबंध नाही, आणि तपासणीशी तर नाहीच नाही. तपासनीस आला की शिक्षक आपला सगळ्यात चांगला धडा काढतो. कोच आला की त्याने सगळ्यात अडलेली गोष्ट पुढे करायला हवी, आणि तेवढा विश्वास दोघांमध्ये आधी तयार व्हावा लागतो.

कोचिंगमध्ये होतं काय, ते एका व्हिडिओवरून सांगते. समजा पाच वर्षांचा मुलगा आहे, बोलत नाही. थेरपिस्ट त्याच्या आवडीची गाडी घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवते. हेतू हा की त्याने मदत मागावी, मग ती शब्दाने असो, खुणेने असो की चित्र देऊन. मुलगा डबा हातात घेतो, उलटापालटा करतो. थेरपिस्ट म्हणते, "उघडू का?" लगेच पुन्हा, "सांग, उघड. उघड म्हण." मग, "बघ, चित्र कुठंय?" आणि शेवटी स्वतःच झाकण उघडते. तिला वाटतं, सेशन ठीक झालं, मुलाने प्रतिसाद दिला नाही इतकंच.

संध्याकाळी कोचबरोबर तीच चित्रफीत बघताना आवाज बंद केला जातो. आता दिसतं ते वेगळंच. पहिल्या प्रश्नानंतर मुलाने मान वर केली होती. दुसऱ्या वाक्याच्या वेळी त्याचा हात डब्यासकट तिच्या दिशेने निघाला होता. तिसऱ्या वाक्याला तो हात मागे गेला. मागणी होऊ घातली होती, बोलण्याच्या घाईत ती बुडाली. कोच एवढंच विचारतो, "इथे तुम्ही गप्प राहिला असतात तर काय झालं असतं?" दुसऱ्या दिवशी ती डबा देते आणि मनात दहा आकडे मोजते. ते दहा आकडे फार लांब वाटतात, धीर धरवत नाही. पण थांबणं हे या कामातलं मोठं कौशल्य आहे, आणि आपण थांबत नाही हे स्वतःला दिसल्याशिवाय कुणालाही पटत नाही.

चित्रफितीवरून शिकण्याची ही पद्धत पालकांसाठीही वापरली गेली आहे. इंग्लंडमध्ये विकसित झालेला 'पॅक्ट' हा कार्यक्रम ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना त्यांच्याच खेळाच्या चित्रफिती दाखवून मुलाचे बारीक इशारे ओळखायला शिकवतो. त्याचं 'पास' नावाचं रूप भारतात गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांकडून घराघरांत राबवलं गेलं. ६५ मुलांच्या त्या चाचणीत पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला. तरीही लहान मुदतीच्या प्रशिक्षणावर आणि नीट देखरेखीवर असं काम उभं राहू शकतं, हे त्यातून दिसलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रमही याच वाटेने जातो. २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी अशी त्याची रचना आहे, आणि २०२२ मध्ये त्याची ऑनलाइन आवृत्तीही आली. मुलाशी खेळता खेळता आणि घरातली कामं करता करता संवाद कसा वाढवायचा, अवघड वागणूक कशी हाताळायची, हे त्यात येतं. पालकाने स्वतःकडे कसं लक्ष द्यायचं, हाही त्यातला एक भाग आहे. सत्रं घेणाऱ्याला आधी प्रशिक्षण मिळतं, मग त्याच्या सत्रांवर कुणाची तरी नजर असते. व्यावसायिकांनी हा कार्यक्रम पालकांचा म्हणून बाजूला ठेवू नये. पालकांना शिकवायचं कसं, हे बहुतेक अभ्यासक्रमांत कुणी शिकवलेलंच नसतं.

वागणुकीचं कोडं

शाळांकडून प्रशिक्षणाची सगळ्यात जास्त मागणी येते ती या विषयावर. मूल मारतं, चावतं, डोकं आपटतं, वर्गातून पळतं. आणि इथेच सगळ्यात जास्त उथळ प्रशिक्षण मिळतं, कारण 'हे केलं की ते थांबतं' अशी यादी सगळ्यांना हवी असते.

चांगलं प्रशिक्षण आधी दुखण्याचा विचार करायला शिकवतं. जे मूल सांगू शकत नाही ते कान दुखतो, दात किडलाय, पोट साफ होत नाही, हे कसं कळवणार? डोकं आपटून कळवत असेल. 'ऑटिझम आहे, म्हणून असं करतो' असं म्हणत खरं दुखणं नजरेआड होतं, आणि हे डॉक्टरांकडूनही होतं. म्हणून वागणूक अचानक बदलली की पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची.

दुखणं नाही हे पक्कं झालं की पुढची पायरी नोंदींची. वागणुकीच्या आधी काय घडलं, नेमकं काय झालं, त्यानंतर काय घडलं. काही दिवस हे तीन रकाने भरले की बहुधा एक धागा हाती लागतो. मूल नको असलेल्या कामातून सुटायला बघतंय, की लक्ष वेधतंय, की हवी ती वस्तू मिळवतंय, की त्या हालचालीतूनच त्याला काही मिळतंय? गणिताची वही काढली की मूल चावतं आणि चावलं की त्याला बाहेर बसवतात, असं नोंदींत दिसलं, तर बाहेर बसवणं ही त्याच्यासाठी शिक्षा नव्हे, सुटका आहे. मग त्याला 'थोडं थांबू या' हे कळवणारं कार्ड द्यायला शिकवणं आणि गणित त्याच्या आवाक्यात आणणं, हे काम उरतं.

अशी पद्धत पायरीपायरीने शिकायची असेल तर चांगलं साहित्य मोफत उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या गटाने 'अफर्म' नावाचे ऑनलाइन धडे तयार केले. ऑटिझमसाठी पुरावा असलेल्या पद्धतींवर ते बेतलेले आहेत, आणि २०२० च्या आढाव्यात अशा २८ पद्धती मोजल्या गेल्या. प्रत्येक धड्यासोबत तपासणी-यादी मिळते, म्हणजे आपण ती पद्धत ठरल्याप्रमाणे वापरतोय की मधल्या पायऱ्या गाळतोय ते पाहता येतं. व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी जोडलेल्या 'आयरिस सेंटर'चे धडे वर्गशिक्षकांना जास्त उपयोगी. दोन्ही इंग्रजीत आहेत ही अडचण आहेच. गटाने मिळून एक धडा घ्यावा, एकाने वाचून बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगावा आणि तपासणी-यादी सगळ्यांनी वापरावी. एकट्याने दहा धडे संपवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

दूर असलेल्या तज्ज्ञापर्यंत पोचायचं कसं

२००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. तिथे प्रश्न हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा होता. रुग्ण दूरदूर पसरलेले आणि तज्ज्ञ एकाच शहरात. त्यांनी व्हिडिओवर नियमित बैठक सुरू केली. गावातला डॉक्टर आपली केस मांडणार, तज्ज्ञांचा गट आणि इतर गावांतले डॉक्टर त्यावर बोलणार, आणि उपचार गावातला डॉक्टरच करणार. २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अशा डॉक्टरांचे निकाल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या तोडीस तोड निघाले. पुढे मिसुरी विद्यापीठातून याच धर्तीवर ऑटिझमसाठी 'इको ऑटिझम' सुरू झालं. त्यांच्या गटात डॉक्टर आणि थेरपिस्टांच्या बरोबरीने एक पालकही तज्ज्ञ म्हणून बसतो.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की इथे केस खरी असते. आज चर्चा झाली, उद्या सकाळी ते मूल समोर येणार आहे. आणि दुसऱ्याची केस ऐकताना आपल्याकडच्या दोन मुलांचे प्रश्न सुटतात.

काय टाळायचं

चमकदार जाहिरातींच्या अभ्यासक्रमांचा या क्षेत्रात सुळसुळाट आहे, कारण पालक हवालदिल असतात आणि व्यावसायिक काहीतरी नवं शोधत असतात. 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन'चं उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जावं. यात मदतनीस न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरतो आणि ती व्यक्ती अक्षरं टाइप करते, असा दावा होता. हजारो लोक हे शिकले, प्रामाणिकपणे शिकले. मग १९९० च्या दशकात साध्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनीसाला दुसरं. टाइप झालं ते मदतनीसाने पाहिलेलं चित्र. मदतनीस फसवत नव्हते, आपणच हात हलवतोय हे त्यांना कळत नव्हतं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं.

याच्या उलट एक भीती विनाकारण पसरली आहे. चित्रांची कार्डं किंवा बोलणारं टॅबलेट दिलं तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, असं अनेक शिक्षक आणि डॉक्टर आजही पालकांना सांगतात. २००६ च्या एका आढाव्यात, नीट नियंत्रण ठेवून अभ्यासलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडं वाढलं. या चुकीच्या सल्ल्यामुळे मुलांची वर्षं वाया जातात, म्हणून मला याचा मनापासून राग येतो.

असे चुकीचे समज टाळायचे तर ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांना प्रशिक्षणात बोलवायला हवं, असं मला वाटतं. डोळ्यांत बघायला जबरदस्तीने लावलं तेव्हा आत काय होत होतं, गोंगाटात सूचना ऐकू येत होती पण तिचा अर्थ का लागत नव्हता, हे त्यांच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

काम करणाऱ्याला कोण सांभाळणार?

"बोलेल ना हो माझं मूल?" हा प्रश्न प्रत्येक थेरपिस्टला येतो, बहुतेकदा सेशन संपल्यावर, चपला घालताना. याचं उत्तर कसं द्यायचं हे शिकवावं लागतं. 'सगळं ठीक होईल' हे खोटं आहे आणि 'आशा ठेवू नका' हेही खोटं आहे. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, चौथ्या वर्षापर्यंत शब्दांची जुळणीही न करणाऱ्या ऑटिझम असलेल्या ५३५ मुलांची माहिती तपासली होती. चौथ्या वर्षी किंवा त्यानंतर त्यांतली सुमारे ७० टक्के मुलं निदान छोटी वाक्यं बोलू लागली होती आणि ४७ टक्के सहज बोलत होती. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या आईला प्रामाणिकपणे सांगता येतं, "वेळ गेलेली नाही. बरीच मुलं यानंतर बोलतात, काही बोलत नाहीत. तुमच्या मुलाचं आज सांगता येणार नाही. पण त्याला आजच काहीतरी सांगता यावं यासाठी आपण चित्रं सुरू करू." हे वाक्य आधी कुणासमोर तरी मोठ्याने म्हणून बघावं लागतं. सराव नसेल तर त्या क्षणी तोंडातून भलतंच निघतं.

असे प्रश्न रोज झेलून, रिपोर्ट लिहून, प्रगती मोजून माणसं थकतात. चांगली माणसं हे क्षेत्र सोडून जातात, आणि प्रत्येक वेळी कुणी तरी सोडून गेलं की एखाद्या मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्याशी पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं. म्हणून देखरेखीच्या बैठकीत 'किती उद्दिष्टं पूर्ण झाली' याच्या आधी 'या आठवड्यात जड काय गेलं' हे विचारलं जायला हवं. ही चैन मानू नये, ती वेळापत्रकात लिहिलेली हवी.

संस्था छोटी असेल, बाहेरचा कोच परवडत नसेल, तरी तीन-चार जणांना सुरुवात करता येते. दर पंधरवड्याला एक तास. एकाने आपल्या सेशनमधली तीन मिनिटांची चित्रफीत आणायची, त्यासाठी पालकांची लेखी परवानगी आधी घ्यायची. आणणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा, 'मी इथे कुठे घाई करतेय?' असा काहीतरी नेमका. बाकीच्यांनी आधी जे दिसलं तेच सांगायचं, मत नंतर. सल्ला एकच ठरवायचा, पुढच्या पंधरवड्यात तेवढाच करून बघायचा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याचं काय झालं इथून करायची. बैठक संपली की चित्रफीत सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकायची.